गॅलब्रेथचं चपळ यीस्ट

इनिस गॅलब्रेथ ओटची लापशी मायक्रोवेव्हमध्ये करतो. ती वरून उतू जाते, तळाला कच्ची राहते, आणि तशीच तो उभ्याउभ्या खातो. आमच्या एडिनबरोत माणूस ओळखायला एवढं पुरतं. शेजारच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली, म्हणून बोलते.

आमच्या प्रयोगशाळेत यीस्ट वाढवतात, पाव फुगवणारं तेच. पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रं असतात, रायबोसोम. त्यांचा गाभा आरएनएचा. जनुकावरून एक एन्झाइम त्या आरएनएची लांबलचक दोरी उतरवत जातं, आणि ती पुरती उतरायच्या आतच मागचे कारागीर तिला घड्या घालायला, कापायला, छाटायला लागतात. एन्झाइम फार पळालं तर नको तिथे गाठी पडतात, कापायची जागा आत दडते आणि पेशी तो माल फेकून देते. रेंगाळलं तरी बिघडतंच. हा वेग पेशीने युगानुयुगं घासून बेतलाय. इनिसला तो पटला नाही.

त्याने एन्झाइममध्ये एक बारीकसा बदल करून ते चपळ केलं. वेग वाढला की रायबोसोम वाढणार, यीस्ट फोफावणार, आणि इनिसला प्राध्यापकाची कायमची जागा मिळणार, असा सरळ हिशोब. त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता. बायकोने, किर्स्टीने, बजावलं होतं, "या खेपेला जागा नाही मिळाली तर पीटरहेडला, माझ्या भावाच्या मासळीच्या कारखान्यात. मला आता भाड्याच्या घरांचा कंटाळा आलाय."

बशीत यीस्ट उगवलं तेव्हा सगळे ठिपके खसखशीएवढे, मरतुकडे. मधोमध एकच गलेलठ्ठ. इनिसने झडप घालून तोच उचलला.

"आयल्सा, बघ काय जोम आहे!"

"आणि बाकीचे रे? त्यांना काय धाड भरली?" मी विचारलं.

"उशिरा उठलेत."

"अरे, त्या लठ्ठ्याचं जनुक एकदा वाचून तरी घे."

"वेळ कुणाकडे आहे, बाई?"

आजारी पिकात एकच ठिपका लठ्ठ दिसला की आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. इनिसही शिकवायचा. पण त्याने त्या लठ्ठ्याचीच वाढ मोजली, त्याचेच आलेख काढले, आणि बारक्यांच्या बश्या कचऱ्यात टाकल्या.

चांगला निष्कर्ष निघाला की शुक्रवारच्या चहाला केक आणायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. निवड समितीसमोर त्याचं भाषण शुक्रवारी, आणि हा गुरुवारीच केक घेऊन हजर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! विभागप्रमुख कॅट्रिओना मोवाट यांनी मात्र दटावून त्याला लठ्ठ्याचं जनुक वाचून घ्यायला बाहेर पाठवायला लावलं होतं. त्याचं उत्तर ऐन भाषणाच्या सकाळी आलं. इनिसने ते वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. लठ्ठ ठिपक्याने इनिसने केलेला बदल कधीच पुसून टाकला होता. ते साधं यीस्ट होतं, बेकरीतल्यासारखं.

"कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला.

"मला कळलंय."

भाषणाला तो समितीसमोर उभा राहिला, मी मागच्या खुर्चीत. पडद्यावरचा आलेख त्याने, आयुष्यात पहिल्यांदा, सावकाश बंद केला. मग म्हणाला, "मी जे मोजलं ते साधं यीस्ट निघालं. माझं नव्हे."

"म्हणजे तुमच्या यीस्टलाच तुमची घाई सोसली नाही?" मोवाटबाईंनी विचारलं. "आणि खरं चपळ यीस्ट? ते कुठे आहे?"

"बारके ठिपके तेच होते." इनिसने घसा खाकरला. "मी फेकून दिले."

कुणी हसलं नाही. मला मात्र त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं. गाढवाने खोटं बोलायचीही घाई केली नाही.

जागा डंडीच्या लॅकलनला मिळाली. प्रत्येक प्रश्नाला तो इतका वेळ विचार करतो की समितीला तो खोल वाटला. होकार कळवायलाही त्याने महिना लावला. केक आम्ही खाल्ला. कापला इनिसनेच, वाकडातिकडा.

करार संपण्याआधी त्याने ते यीस्ट पुन्हा तयार केलं. ठिपके उगवायला वेळ लागणार होता, आणि त्याच्याकडे तो नव्हता. जाताना बशी माझ्या हातात देऊन म्हणाला, "बारके उचल हं. लठ्ठ्याला हात लावू नकोस."

आता तो पीटरहेडला मासळीच्या पेट्या भरतो. रोज फोन करतो.

"आलं का?"

"अरे, सकाळीच तर विचारलंस!"

"बरं, बरं," तो म्हणतो, आणि फोन ठेवत नाही.