तिला विचारा

पोरगी खुर्चीवर टेकायच्या आत कंपाउंडरनं खाली पेपर अंथरला. दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्याच पोरीसाठी. वर मला म्हणतो, "भाभी, पकड के रखो. बाकी पेशंट डरते हैं."

पल्लवी पंधरा वर्षांची आहे. मतिमंद मुलांच्या शाळेत जाते. ती काय चावणार होती कुणाला? पोटाशी ओढणी धरून गप बसली होती.

आठवडाभर तिचे कपडे ओले होत होते. लघवीला गेली की रडायची. अंगात कणकण. म्हणून गोडदेवहून रिक्षा करून मीरा रोडला आणलं. डॉक्टर मॅडम आपल्या मराठी, नाव मोठं. वाटलं, आपलं ऐकून घेतील.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "हिला काय होतंय?"

मी सांगायला लागले. मॅडमनी मधेच तोडलं. "अहो, अशा मुलांना कंट्रोल नसतोच. रडतातही. डायपर घाला. पाळी येते?"

"येते."

"तेही तुम्हालाच निस्तरावं लागत असेल. गर्भपिशवी काढून टाका, कटकट संपेल. हिला कुठे संसार करायचाय?"

वांग्यातली कीड काढून टाका म्हणावं, तसं म्हणाली. पोटाला हात लावला नाही, ताप बघितला नाही, आणि कापायला निघाली. पोरगी समोर बसून ऐकत होती. मला किळस आली. तिथल्या फिनेलच्या वासाची, त्या बाईच्या गोड हसण्याची. शिकलेल्या माणसाला उलट बोलायचं नाही, असं आमच्या घरात शिकवलेलं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईनं पुढचं विचारलं, तेही मलाच. मी म्हटलं, "तिला विचारा."

"तिला काय कळतंय?"

"विचारून बघा."

"बाहेर लाइन आहे हो."

"असू द्या. तीपण लाइनीतूनच आलीये."

कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला. मी उठले नाही. शेवटी बाई पल्लवीवर बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडली, "काय होतं गं?"

पल्लवीला वेळ लागतो. शब्द जुळवावे लागतात. बाई घड्याळ बघत राहिली. मग पोरगी म्हणाली, "शू करताना जळतं. इथं दुखतं." आणि ओटीपोटावर बोट ठेवलं.

लघवी तपासली. इन्फेक्शन निघालं. कुठल्याही पोरीला होतं तसं, गोळ्यांनी जाणारं. रिपोर्ट बघून बाई म्हणते, "हे आधी सांगायचं ना." लाजबीज काही नाही.

तेव्हाच ठरवलं. पल्लवीचं दुखणं पल्लवी सांगेल, कितीही वेळ लागो. तिच्या डोक्यावरून विचारणाऱ्याला मी उत्तर देणार नाही. आणि तिची पिशवी काढायची भाषा पुन्हा कुणाच्या तोंडून निघाली, तर त्याला तिथल्या तिथं, सगळ्या लाइनीसमोर जाब विचारीन. मग तो केवढाही मोठा डॉक्टर असो.