दहापर्यंत मोजायचं

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी राऊ गावातल्या माझ्या घरी पोहे भिजवत होते. तशीच धावतपळत शहरात, राजवाड्यामागच्या तिच्या घरी पोचले. आत्या शांत निजलेली, आणि तिची लेक मिनू चाकाच्या खुर्चीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिला काय सांगायचं, हिला थोडंच कळतंय!" आत्या हे ऐकून उठून भांडली असती... मग मीच मिनूचा हात धरला आणि सांगितलं.

मिनूच्या मेंदूला जन्मतानाच जबर इजा झाली. बोलणं नाही, चालणं नाही, मानही धरवत नाही. पण आत्या तिचं सगळं तिला विचारून करायची. "मिनूजी, पोहे की शिरा?" दोन वाट्या समोर धरायच्या, मनात दहापर्यंत मोजायचं, नजर जाईल ते भरवायचं. नाहीच गेली, तर वाट्यांची जागा बदलून पुन्हा मोजायचं. रविवारी माझे बाबा वैतागायचे, "अगं नलू, पोहे ठंडे हो गए!" आत्या म्हणायची, "होऊ देत. तुझ्या तोंडात कुणी न विचारता घास कोंबला तर चालेल?" आम्ही पोरं हसून लोटपोट!

मी एकदा शहाणपणा केला. आत्याची बोटं दुखायची आणि मिनूचे केस कमरेपर्यंत. धुणं, विंचरणं, सगळी सकाळ त्यातच जायची. मी परस्पर पार्लरवालीला घेऊन गेले. कात्री बाहेर निघाली तशी आत्या कडाडली.

"तिला विचारलंस?"

"आत्या, तिला कळतं तरी का गं?"

"कळत नसेल तर माझे दहा आकडे फुकट गेले. पण कळत असेल तर?"

आत्याने एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात कात्री धरली. मिनूने कंगव्याकडे बघितलं आणि अशी खिदळली की पार्लरवालीलाही हसू आवरेना. तिला पोहे-जिलबी खाऊ घालून आम्ही परत पाठवलं.

आता मिनू माझ्याकडे असते. घरचे सगळे म्हणतात, केस कापून टाक, तुझी नोकरी आहे. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. गेल्या रविवारी मी कंगवा आणि कात्री तिच्यापुढे धरली. कात्री जरा जवळच धरली, लबाडीच ती! मोजलं. सात... आठ... नऊ... दहा. नजर कुठेच गेली नाही. सुटले बाई, असं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. हात बदलले. या वेळी दोन्ही सारख्याच अंतरावर. चारला मिनूचे डोळे हळूहळू कंगव्यावर गेले, आणि तेच जुनं खिदळणं! मला रडू आलं, हसूही आलं. डोळे पुसले, तेल कोमट केलं, आणि तिच्यासमोर बसून एका हातात एक रिबीन, दुसऱ्या हातात दोन धरल्या.

"मिनूजी, एक वेणी की दोन?"

आणि मोजायला लागले.