आयोडीनचा थेंब

रुग्णालयातील कंपाउंडरची नोकरी सोडून त्याने मागच्या खोलीत ताकदीच्या पावडरीचा कारखाना काढला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढले. सायीविना आटवून वाळवलेले दूध आणि दळलेले यीस्ट, एवढेच त्या पावडरीत असे. हाडांचे सापळे झालेली मुले त्याने वीस वर्षे पाहिली होती. खिशात कायम मापाचा चमचा असल्यामुळे लोक त्याला ‘चमचा’च म्हणत.

डब्याचे झाकण वितळत्या कथलाने झाळून बंद करण्यापूर्वी चिमूटभर पावडरीवर तो आयोडीनचा थेंब टाकी. थेंब पिवळट राहिला तर माल शुद्ध. निळा झाला तर त्यात पीठ.

बालरुग्णालयाने पहिल्यांदाच चाळीस डबे मागवले. न्यायला गाडी आली, त्या सकाळी एका डब्याची झाळ त्याला खडबडीत दिसली. ती त्याच्या हातची नव्हती. त्याने डबा फोडून थेंब टाकला. निळाशार!

दळणाचे काम पाहणारा मेहुणा हसला. “भाऊजी, पीठच आहे, विष नाही. पोरांना काय कळतंय?”

“दोन चमच्यांवर जगणारं पोर ते! त्यातला एक तू खाल्लास. कुठल्या डब्यांत आहे?”

“शोधा की! सोवळं तुमचं आहे, माझं नाही.”

त्याने दुसऱ्या डब्यावर हातोडा उगारला. मेहुण्याने चक्कीचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड कडकन मोडले. पुढचा घाव जबड्यावर बसला आणि पांढऱ्या पावडरीत रक्तासह दोन दात पडले. तरीही त्याने डाव्या हाताने झाळकामाची तापलेली सळई ओढली व मेहुण्याच्या दंडावर दाबून धरली. कातडी चरचरली, खोलीभर करपट वास पसरला.

किंकाळी ऐकून बायको धावत आली.

“ताई, आवर याला! जीव घेतोय माझा!” भाऊ ओरडला.

निळा थेंब पाहून तिने पडलेला दांडा उचलला. “किती डब्यांत घातलंस?”

“तूसुद्धा? सख्ख्या भावाला...”

तिने दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोलमडला, शिव्या देत उंबऱ्याबाहेर सरपटला. पण आकडा त्याने सांगितला नाही.

मग उरलेल्या सगळ्याच डब्यांची झाळ फोडणे आले. एका हाताने तो फोडी, ती थेंब टाकी. पहिला धरून अकरा निळे निघाले. ते तिने गटारात ओतले. मोडके मनगट फडक्यात आवळून तो सळई पुन्हा तापवू लागला.

दारातून गाडीवाला चाचरत म्हणाला, “वहिनी, आधी डॉक्टरकडे न्या ना त्यांना.”

“तुम्ही बसा,” ती म्हणाली. “एकोणतीस झाळायचे आहेत.”