खुंटीवर राहिलेली पिशवी

हे इतकी वर्षं मी कधी बोललो नाही. बायकोजवळ नाही, आई होती तोवर तिच्याजवळ नाही — आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं, त्याच्याकडे तर वीसेक वर्षं मी फिरकलोच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सोपं जातंय. चूक माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुठे मी परिस्थितीबिरिस्थितीच्या मागे लपायला लागलो तर तुमच्या लक्षात येईल.

आम्ही विश्रांतवाडीचे. वडील कारखान्यात कामाला, धम्म आजोबांच्या पिढीपासून घरात, विहार गल्लीच्या टोकाला. दर रविवारी वंदना असायची आणि सतरंज्या घालायचं, उचलायचं काम माझं आणि मिलिंदचं. मिलिंद म्हणजे — कसं सांगू? पहिलीपासून एका बाकावर. इंजिनिअरिंगला एकत्र. जर्मनच्या क्लासला एकाच मोटरसायकलवर. येताना तो मागे बसून क्रियापदं मोठमोठ्याने म्हणायचा आणि सिग्नलला लोक वळून बघायचे.

मला परदेशी का जायचं होतं? सगळ्यांना मी करिअर असं सांगितलं. खरं कारण निराळं होतं. माझं आडनाव जाधव. हे आडनाव किती तरी जातींत आहे. पुण्यात ते सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि अगदी सभ्यपणे विचारतो, "कुठले जाधव?" त्याला गावाचं नाव नको असतं, हे दोघांनाही माहीत असतं. कॉलेजात हेच, पहिल्या नोकरीत हेच, भाड्याची खोली बघायला गेलो तिथेही हेच. मला अशा जागी जायचं होतं, जिथे जाधव हा फक्त उच्चारायला अवघड शब्द असेल. मिलिंदचं आडनाव कांबळे. "मला कुणी विचारायच्या भानगडीतच पडत नाही," तो म्हणायचा. "तुझे आपले व्हीआयपी प्रॉब्लेम."

मी गेलो. जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात यंत्रांची ड्रॉइंग करायची नोकरी मिळाली. आणि खरंच — कुणी काही विचारलं नाही. कुठले म्हणून नाही, पण कसे आहात म्हणूनही नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे. जिन्यात शेजारीण मान हलवायची, तेवढीच काय ती भेट. मी खोलीत मोठ्याने मराठी बोलायला लागलो. कुकरशी बोलायचो, सापडत नसलेल्या किल्ल्यांशी बोलायचो. हेच मागितलं होतं ना मी?

एकदा ट्राममध्ये एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "पाय खाली घे, सीट घाण होते." मराठीत! माझा थांबा गेला तरी मी उतरलो नाही. ते कोल्हापूरकडचं कुटुंब. त्यांनी शनिवारी जेवायला बोलावलं. मी बाईंना वहिनी म्हणायला लागलो. वरणभात वाढता वाढता वहिनींनी विचारलं, "कुठले हो जाधव तुम्ही?"

"साताऱ्याकडचे," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. आजोबांचं गाव तिकडचंच.

"अगबाई, म्हणजे आमच्यातलेच की!" त्या म्हणाल्या आणि भातावर तूप सोडलं.

मी भात कालवला. बस्स, एवढंच केलं मी. एकही खोटा शब्द बोललो नाही, असं किती वर्षं मी स्वतःला सांगत आलो! त्या घासानंतर दर शनिवारी ते घर माझं झालं. मुलाचा अभ्यास घ्यायचो, कांदे चिरून द्यायचो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

दुसऱ्या वर्षी मिलिंद आला. त्याच्या कंपनीने त्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी पाठवलं होतं, त्याच शहरात. "नशीब बघ!" तो फोनवर ओरडला. "आणि तुझ्या आईने जवसाची चटणी दिलीय. माझी अर्धी बॅग तिनेच खाल्ली." मी म्हणालो, कामात आहे, भेटू. पुढच्या आठवड्यातही कामातच होतो. त्याच्या पुढच्याही. सोबत माणूस असावा म्हणून मी रात्रंदिवस तळमळत होतो, आणि माझा माणूस ट्रामने अर्ध्या तासावर येऊन राहिला होता.

मग दिवाळी आली. तिथल्या मराठी मंडळींनी एक छोटा हॉल घेतला होता. भारतीय सामानाच्या दुकानात त्याची सूचना लावलेली. ती मिलिंदने वाचली असणार. दारात त्याने कोट काढला, खुंटीला लावला, शेजारी पिशवी अडकवली — माझ्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची शिवलेली पिशवी. आणि हात पसरून सरळ माझ्याकडे आला.

"जय भीम, भावा! किती शोधायचं रे तुला?"

वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातात चकल्यांचं ताट. आजूबाजूची माणसं वळली. मी मिलिंदकडे बघितलं आणि म्हणालो, "माफ करा — आपण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग वहिनींकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्याला सगळं समजलं, ते मला दिसलं. त्याने हात खाली घेतले.

"सॉरी हं," तो म्हणाला. "चुकलो. माझा एक मित्र डिट्टो असाच दिसतो."

वहिनींनी आग्रह केला म्हणून त्याने एक चकली घेतली. नाव विचारल्यावर आडनावासकट नीट सांगितलं. कोट घातला आणि गेला. सगळे निघताना वहिनींनी विचारलं, "ही पिशवी कुणाची राहिली?" मी म्हणालो, "मघाशी आलेल्या त्या गृहस्थांची असेल." आणि ती तशीच खुंटीवर सोडून आलो. त्या रविवारी आईचा फोन. "चटणी जास्त भाजली गेली का रे?" मी म्हणालो, "नाही, मस्त झाली होती."

सहा महिने तो त्या शहरात एकटा राहिला. त्याने फोन केला नाही. मीही नाही.

काही वर्षांनी मी परत आलो. घर घेतलं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बिबवेवाडीत. ऑफिस जवळ पडतं, असं घरी सांगितलं. आई मात्र सगळ्या गल्लीला सांगत फिरायची — मिलिंद म्हणत होता, माझ्या पोराने त्याचं तिकडे फार केलं, दर रविवारी जेवायला बोलवायचा. मी ऐकत राहायचो. तो माझ्यासाठी खोटं बोलला होता, आणि ते मी घेतलं. आई गेली तेव्हा तिरडीला माझ्या शेजारचा खांदा मिलिंदचा होता. मी समोर बघून चालत राहिलो.

आता माझी मुलगी श्रावस्ती निघाली आहे. जर्मनीलाच, शिकायला. बॅग भरता भरता तिने विचारलं, "बाबा, तिकडे तुमचं कोण होतं?"

"कुणी नव्हतं," मी म्हणालो.

"असं कसं? आजी तर म्हणायची मिलिंदकाका होता."

मी गेल्या रविवारी तिला विश्रांतवाडीला घेऊन गेलो. वंदना झाली, लोक दारात चपला शोधत होते. मिलिंद सतरंज्या गोळा करत होता. केस पांढरे झालेत त्याचे. त्याने मान वर केली.

"या साहेब," तो म्हणाला. "ओळखलंत का?"

श्रावस्ती हसली. तिला थट्टा वाटली.

मी सतरंजीची दुसरी कड उचलली. सतरंजीची घडी घालायची तर दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागतं. आम्ही ते पोरवयापासून करत आलो होतो. पहिली घडी झाली. दुसरीला तो माझ्यासमोर होता, त्याच्या हातातली टोकं माझ्या हातात येत होती. दारातली माणसं अजून गेली नव्हती. श्रावस्ती तिथेच होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जय भीम, मिलिंद. त्या दिवशी हॉलमध्ये मी तुला ओळखलं होतं. आईची पिशवीही ओळखली होती. माझं चुकलं."