मरियमच्या पॅनलवरचं पाणी

तिन्ही पॅनल्स भिंतीला टेकवून ठेवली होती. एकात नदी होती, एकात तंबू होता, एकात झाड होतं. माणसं कुठेच नव्हती. जिथे माणसं यायची तिथे शिसवीचं काळं लाकूड तसंच मोकळं होतं, आणि उद्घाटनाला आठ दिवस राहिले होते.

"उस्ताद, माणसं कधी बसवणार?" मी विचारलं.

खलील उस्तादांनी पटाशी खाली ठेवली, चष्मा पुसला, परत घातला. "नोडोणा, मॅडम," म्हणाले.

नोडोणा म्हणजे कानडीत 'बघूया'. गेले तीन आठवडे मी हेच ऐकत होते. फोन केला की नोडोणा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिगर्सचे फोटो पाठवले की नोडोणा. म्हैसूरचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, बघूया म्हणतो आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं असतं. माझा जन्म इथला, बाप इथला, आजा इथला. तरी डेडलाइन डोक्यावर आली की मला फक्त होकार ऐकू येतो.

मी इंटिरियर डिझायनर आहे. नजरबादला माझं छोटं ऑफिस आहे. आमचं घराणं शिंप्याचं, अप्पांचं दुकान देवराज मोहल्ल्यात होतं. कापडाऐवजी मी भिंती धरल्या एवढाच फरक.

ही ऑर्डर येलवालच्या पुढे, हुणसूर रोडवरच्या एका हॉस्पिसची होती. हॉस्पिस म्हणजे जिथे बरं करण्याचे उपाय संपलेले असतात आणि माणसाचं दुखणं कमी करणं एवढंच काम उरतं. ते सिस्टर लोक चालवतात. प्रमुख सिस्टर लीना, मंगळूरकडच्या, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. त्यांना प्रार्थनेची एक खोली हवी होती. "आमच्याकडे सगळे येतात. प्रत्येकाला तिथे बसावंसं वाटलं पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. त्यांनीच तीन गोष्टी निवडल्या. अब्राहम आपल्या तंबूत अनोळखी पाहुण्यांना जेवू घालतो. मोझेसची आई बाळाला टोपलीत घालून नदीत सोडते. आणि मेरीला बाळ होतं. गोष्टी सिस्टरच्या, चित्रं माझी. खरं सांगायचं तर चित्रं मी नेटवरून उचलली: दाढीवाला अब्राहम, गोरी मेरी, गुबगुबीत बाळ.

काम इनलेमध्ये करायचं ठरलं. इनले हे आमच्या म्हैसूरचं जुनं काम. शिसवीची फळी घ्यायची. वेगवेगळ्या रंगाच्या लाकडांचे पातळ तुकडे बारीक करवतीनं कापायचे. फळीत त्याच आकाराची खाच कोरायची, त्यात तुकडा सरसानं बसवायचा आणि वरून घासून सगळं एका पातळीत आणायचं. रंग अजिबात लावायचा नाही. पिवळा हवा तर फणस, हिरवट करडा हवा तर सोनचाफा. डोळे, नाक, बोटं शेवटी सुईसारख्या हत्यारानं ओढायची. ती रेघ चुकली की पुसता येत नाही.

खलील उस्तादांसारखी ती रेघ कुणाची नाही. मंडी मोहल्ल्यात त्यांचं कारखानावजा घर आहे. वीस वर्षं मी त्यांच्याकडून काम करून घेतेय. दसऱ्याची मिरवणूक त्यांनी किती वेळा केली असेल देव जाणे. हत्ती, अंबारी, भालदार, सगळ्यांना डोळे, सगळ्यांना मिशा. राधाकृष्ण केले, गणपती केले. आमच्या अप्पांच्या देव्हाऱ्यामागचा विठोबा त्यांनीच केलाय, आणि त्याच्या ओठांवरचं हसू पाहून अप्पा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून आत नेत होते.

म्हणूनच मी पेटले. जो माणूस कृष्णाला डोळे काढतो, तो मेरीला का काढत नाही? माझ्या डोक्यानं सरळ हिशेब केला की याला ख्रिश्चनांचं काम नको आहे. शिवाय मी अब्राहम, मोझेस म्हटलं की ते दरवेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. मी ते नाराजीच्या खात्यात टाकलं.

विचारलं नाही. विचारायला एक मिनिट लागलं असतं. त्याऐवजी मी गाडीत बसून हेब्बाळ इंडस्ट्रियल एरियातल्या एका लेझर-कटिंगवाल्याला फोन लावला. चार दिवसांत मशीनवर माणसं कापून देशील का? तो म्हणाला, देतो, पण हे काम खलील उस्तादांकडे होतं ना? मी म्हणाले, "त्यांना ख्रिश्चन देव करायचे नाहीत. काढून घेतेय मी काम."

मग हॉस्पिसला जाऊन सिस्टर लीनांनाही तेच सांगितलं. वर म्हणाले, "सिस्टर, मुसलमान आहेत ते. तुमच्या देवाचं जमत नसेल त्यांना."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "असं ते म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. पण दिसतंय ना."

"काय दिसतंय?"

मी पर्स आवरायला लागले. "काम काढण्याआधी मी त्यांना भेटते," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी."

घरी येऊन अप्पांना सांगितलं. अप्पा नव्वदीकडे आलेत. अजूनही ते माणसाकडे आधी खांद्याच्या मापानं बघतात. सगळं ऐकून आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "वीस वर्ष ते मनुष्य तुझ्याकडं काम करतंय, अल्वा? तोंडानं एकदा विचारलीस काय त्याला?"

"अप्पा, वेळ कुठे होता?"

"माप घेतली नाईस, सुम्ने कात्री लावलीस. आता कापड तुझ्या बापाचं काय?"

अल्वा म्हणजे 'नाही का', सुम्ने म्हणजे 'उगीच'. शिंप्याच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाही. मी जेवण अर्धवट टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्याबरोबर कारखान्यात आल्या. उस्तादांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. बोलणं कानडी आणि दख्खनीत चाललं होतं, मी इथे मराठीत लिहितेय. सिस्टर तिन्ही पॅनल्ससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "उस्ताद, तुम्हाला आमची मेरी काढायची नाही का?"

उस्ताद गडबडले. माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं. आणि मग म्हणाले, "नक्को, सिस्टर. वो लोगां हमारे बुजुर्गां हैं."

ते आमचे वडीलधारे आहेत.

मला काही कळेना. "पण उस्ताद, तुम्ही कृष्ण करता, विठोबा केलात."

"तो तुमच्या घरचा, मॅडम. तुम्ही सांगाल तसा अदबीनं केला. अप्पांनी म्हटलं, ओठ असे हवेत, तसे केले. पण तुमची मेरी, म्हणजे बीबी मरियम, आमच्या घरची आहे. ईसा, मूसा, इब्राहिम आमचे पैगंबर." प्रत्येक नावानंतर ते पुन्हा तेच पुटपुटले. या वेळी मी ऐकलं. अलैहिस्सलाम. त्यांच्यावर शांती असो. इतके दिवस ज्याला मी नाराजी समजत होते, तो नमस्कार होता. "त्यांचे चेहरे आम्ही काढत नाही. चेहरा काढला की माणूस चेहऱ्यालाच मानायला लागतो. आणि माझ्या हातून त्यांचं नाक वाकडं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांना मेरी परकी वाटते म्हणून मी चिडले होते, आणि ती इतकी आपली होती की तिच्यावर सुई चालवायला त्यांचा हात धजत नव्हता.

सिस्टर हसल्या. "मूर्ती करू नका हा नियम मोझेसकडूनच आला, सुनंदा," त्या मला म्हणाल्या. "यहुदी लोक आजही देवाचं चित्र काढत नाहीत. नियम आमच्याही बायबलमध्ये आहे. आम्ही त्याचा अर्थ वेगळा लावला. उस्ताद मूळ घराला धरून आहेत."

मग मला समजेल अशी वंशावळ दोघांनी मिळून सांगितली. अब्राहम म्हणजेच इब्राहिम, मोझेस म्हणजे मूसा, येशू म्हणजे ईसा. त्यांचे दोन मुलगे. इसहाकच्या वंशात मूसा आले, पुढे ईसाही आले. इस्माईलच्या वंशात महंमद पैगंबर. देव एक, हे यहुदी, ख्रिश्चन, मुसलमान तिघांचंही म्हणणं. मी मनात म्हटलं, म्हणजे भाऊबंद. आपल्याकडेही सगळ्यात जोराची भांडणं भाऊबंदांतच होतात, कारण परक्याशी वाटून घेण्यासारखं काही नसतंच.

भांडण तिथेही झालं, पण चहाच्या कपाएवढं. टोपलीतलं बाळ नदीतून कुणी काढलं? सिस्टर म्हणाल्या, फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या मुलीनं. उस्ताद म्हणाले, त्याच फिरऔनच्या बायकोनं. दोघं आपापल्या म्हणण्यावर ठाम. शेवटी माणसंच काढायची नाहीत म्हटल्यावर तो प्रश्न आपोआप सुटला. येशूबद्दल मात्र सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आम्ही त्याला देवाचा पुत्र मानतो. तिथे आपलं जमणार नाही." उस्ताद म्हणाले, "नाही जमणार." आणि त्यांनी सिस्टरना दुसरा चहा दिला. मतभेद इतक्या सभ्यपणे झालेला मी कुठल्या क्लायंट मीटिंगमध्ये पाहिला नाही.

"आमच्यात येशू गोठ्यात जन्मतो. मग मेरीच्या पॅनलमध्ये गोठा नाही, हे झाड का?" सिस्टरनी विचारलं.

उस्ताद झाडाजवळ जाऊन बसले. बुंध्याशी सोनचाफ्याचं पाणी अर्धंच बसलं होतं. कुराणात मरियमच्या नावाचा एक अख्खा अध्याय आहे, ते म्हणाले. आमच्या गोष्टीत ती एकटी असते. कुणी सोबत नाही. कळा सुरू होतात तेव्हा ती खजुराच्या बुंध्याला धरते. म्हणते, याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा खालून आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा वाहतो आहे. बुंधा हलव, पिकलेले खजूर पडतील. खा, पी, डोळे निवू देत.

सिस्टर झाडासमोर खाली बसल्या. हॉस्पिसमध्ये त्या रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतात की मेले असते तर बरं झालं असतं. मेरीही असं म्हणाली होती, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "हे माझ्या पेशंटना हवंय," त्या म्हणाल्या. "चेहरा नको. ही मोकळी जागा अशीच राहू दे."

मी कागद काढला आणि तिथेच चित्रं बदलली. तंबूबाहेर पाहुण्यांच्या चपला आल्या. पाहुणे किती? सिस्टर म्हणाल्या, तीन. उस्ताद म्हणाले, आमच्यात आकडा दिलेला नाही. उस्तादांनी चपलांचा असा ढीग केला की कुणाला मोजताच येऊ नये. नदीत टोपली आणि लव्हाळी. खजुराखाली तांबूस लाकडाचे विखुरलेले खजूर, आणि सोनचाफ्याचं पाणी पुरं झालं. झाड मात्र नीट बघितलं तर येलवाल रोडच्या कडेच्या शिंदीसारखं दिसतं. उस्तादांनी खजुराचं झाड जन्मात पाहिलेलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पॅनल्स लागली. स्क्रू पिळून झाल्यावर मी उस्तादांना बाजूला घेतलं. माफी मागायची होती आणि जमत नव्हतं.

"उस्ताद, मी सिस्टरना तुमच्याबद्दल वाईट बोलले. आणि काम तुमच्याकडून काढून दुसऱ्याला देत होते."

"लेझरवाल्याला," ते म्हणाले.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे, मॅडम. तुमचा फोन ठेवून त्यानं लगेच मला केला."

म्हणजे सिस्टर आल्या त्याच्या आदल्या दिवशीच त्यांना सगळं माहीत होतं. मी काय म्हणाले तेही. तरी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ते मान खाली घालून काम करत होते. स्टूल पुसून दिलं होतं, चहा मागवला होता.

"मग तुम्ही काम थांबवलं का नाही? मी तर काढूनच घेणार होते."

उस्तादांनी पॅनलवरच्या पाण्यावरून अंगठा फिरवला. पातळी बघायची त्यांची सवय आहे. "पाणी अर्धंच बसवून झालं होतं," ते म्हणाले. "काम तुमचं होतं, तुम्ही नेलं असतं. पण बीबी मरियमला तहान लागलेली, आणि झरा अर्धा ठेवून मी हात कसा धुणार?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांना ते आवडलं नाही, "नक्को, नक्को," म्हणत मागे सरले. पण त्या दिवशी माझं ऐकणं सुधारलं होतं. नक्को म्हणजे नको, हे कळलं, आणि तरीही पडले.

हॉस्पिसच्या लोकांना ते झाड आवडलं. एक हुणसूरकडच्या आजी रोज तिथे व्हीलचेअर लावायला सांगत, बरोबर त्या मोकळ्या जागेसमोर. लाकडातला एक खजूर त्यांच्या बोटांनी आता गुळगुळीत झालाय.

माझ्या ऑर्डर फॉर्मवर पूर्वी पहिली ओळ मापांची होती. आता तिच्याही वर एक ओळ आहे: कारागिराला विचारलं का? अप्पांनी तो फॉर्म चष्म्यातून वाचला आणि म्हणाले की आमच्या दुकानात हे छापायची गरज कधी पडली नव्हती.