नाना जिवंत असल्याचा दाखला

पेन्शनरांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. नव्वद सालाच्या आसपास पनवेलच्या वडाळे तलावाकाठी आमचा रिटायर लोकांचा कट्टा जमायचा. मी शाळामास्तर, सरकारी पेन्शन एकच, ती मुकाट्याने यायची. त्यामुळे कट्ट्यावर मला काही किंमत नव्हती. किंमत होती नानांना. त्यांनी तीन खासगी कंपन्यांत नोकऱ्या केल्या होत्या आणि तिन्हींकडून त्यांना पेन्शन येत असे. तिन्ही मिळून माझ्या एकीच्या निम्मीही भरत नव्हती, गोंधळ मात्र तिप्पट!

*

नानांच्या सह्याही तीन. गिरणीत मराठीत, केमिकल कंपनीत इंग्रजीत, आणि बोटी दुरुस्त करणाऱ्या तिसऱ्या कंपनीत साहेबाचं बघून उचललेली नुसतीच एक रेघोटी. एकदा मी बरोबर असताना बँकेत कॅशियर म्हणाला, "आजोबा, सही जुळत नाही." नानांनी दुसरी केली. "हीपण नाही." तिसरी करायला लागले तसा तो घाबरून मॅनेजरला बोलवायला उठला.

नाना माझ्याकडे वळले. "मास्तर, या बँकेत मी कोण आहे, जरा आठवून सांगा."

*

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागे. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत, असं कंपनीला कळवायचं. एका वर्षी नानांनी गिरणीचा दाखला केमिकलवाल्यांना पाठवला आणि केमिकलचा गिरणीला. दोन्हीकडून उत्तर आलं, या नंबरचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच.

नाना दिवसभर दोन्ही पत्रं उलटसुलट करून वाचत होते. संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "अगं, मी डबा घेऊन जायचो ना कुठेतरी?"

*

बोटीवाल्या कंपनीचा नियम वेगळाच. तिथे डॉक्टर चालत नसे, बँक मॅनेजर चालत नसे. दाखल्यावर सही त्याच कंपनीच्या दुसऱ्या पेन्शनराची हवी, तीही माणूस समोर बघून. आणि पेन्शनर उरले होते दोनच, नाना आणि उरणचा काशिनाथ फिटर. त्यांचं बोलणं बंद! दोघे एकाच दिवशी रिटायर झाले, तेव्हा मालकांनी काटकसर म्हणून दोघांत मिळून भिंतीवरचं एकच घड्याळ दिलं होतं. ते काशिनाथ घेऊन गेला.

तरी दर नोव्हेंबरात काशिनाथ एसटीने पनवेलला यायचा. स्टँडवर दोघांच्या मध्ये मी.

"मास्तर, त्याला सांगा, सही खाली करायची."

"मास्तर, त्याला इचारा, खोकला कवापासून हाय?"

"त्याला सांगा, फॉर्मात खोकल्याचा रकाना नाही."

सह्या झाल्या की काशिनाथ नानांना एकदा नीट निरखून बघायचा आणि परतीच्या गाडीत चढायचा.

*

एका पावसाळ्यात काशिनाथ गेला. नाना पार हादरले. ती पेन्शन सगळ्यात लहान, पण घरचं दूध तिच्यावर यायचं. "आता मी जिवंत आहे हे कोण सांगणार?" असं ते कट्ट्यावर ज्याला त्याला विचारत. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

नोव्हेंबरात उरणच्या गाडीतून काशिनाथची बायको हिराबाई उतरली. नवऱ्यामागे तिला पेन्शन लागू झाली होती, म्हणजे आता तीही त्या कंपनीची पेन्शनर. तिलाही नानांची सही हवी होती. नानांनी रेघोटी ओढली. तिने नानांच्या फॉर्मवर सावकाश नाव लिहिलं, आणि मग काशिनाथसारखंच त्यांना निरखून बघितलं.

"हे घरी येवून सांगायचे," ती म्हणाली, "नाना बरा हाय, पन यंदा सुकलाय."

नाना फॉर्मची घडी घालत राहिले. मग त्यांनी मला मध्ये न घेता तिलाच विचारलं, "घड्याळ चालतं का?"

"खोक्यातून काडलंच नाय. म्हनायचे, अर्धं नानाचं हाय, तो आला का लावू."

नानांनी फॉर्म खिशात ठेवला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

"मास्तर," ते म्हणाले, "समोरचं हार्डवेअरचं दुकान उघडं आहे का बघा. एक खिळा घ्यायचाय."