काळीतलं घर

सुरतेला निघालो त्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या पुढे चालत होते. मे महिना होता. आमच्या गावापासून दोंडाईच्याच्या रस्त्यापर्यंत मधे गायरान पडतं आणि उन्हाळ्यात तिथली जमीन अशी फाटते की भेगेत हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो. माझ्या डोक्यावर पत्र्याची पेटी, बगलेत गोधडी, त्यामुळे पायाखालचं काही दिसत नव्हतं. आबा काठी टेकून भेगा दाखवत होते. सबंध वाटेत ते एकच वाक्य बोलले, "पाय देखीसन टाक, भाऊ." एसटी आली तशी त्यांनी पेटी वर दिली आणि गुरं एकटी आहेत म्हणून लगेच मागे वळले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवणारे वडील दुसऱ्यांच्या नशिबी असतात.

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे इकडे आले आणि ज्यांची पोरं इकडेच जन्मली, त्यांच्यासाठी लिहितो. आबा गावाची गुरं राखायचे. शाळेत मी चौथीपासूनच ढ, पण गायरानातलं मला सगळं समजायचं. मारवेल गवत कुठे दाट येतं, कुंदा कुठे माजतो, कुठल्या उतारावर माती पातळ आणि खाली मुरूम आहे, कुठे पुरुषभर खोल नुसती काळी आहे. काळीचा स्वभाव आबांनीच शिकवला. उन्हाळ्यात ती आकसते, फाटते, आणि वरचा थर आपोआप रव्यासारखा भुसभुशीत होऊन भेगांत पडत राहतो. आबा म्हणायचे, ही स्वतःच स्वतःला नांगरते. पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात, मग पाणी आत जाईना की बाहेर निघेना. चिखल असा की चप्पल हातात घेऊन चालावं लागे. खालचे चुनखडीचे खडे वर येतात. कुंपणाचा दगड सरळ पुरा, तीन वर्षांत तो कललेला असतो. आमच्या एका गायीचा पाय भेगेत अडकून मोडला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ती गाय पुन्हा उभी राहिली नाही.

म्हणून तर आपल्याकडे गाव पांढरीवर वसतं. पीक काळीत, चारा काळीत, पण माणसांची घरं पांढऱ्या मातीच्या टेकाडावर. हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. काळीत कुणी चूल मांडत नाही, एवढंच.

पुढे गायरान लोकांनी कडेकडेने नांगरून खाल्लं. चारा गेला तशी गुरं कमी झाली आणि दोन माणसांनी राखायला गुरं उरली नाहीत. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. मी सुरतेत आधी लूमवर लागलो, मग पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये. डिंडोलीत एका खोलीत आम्ही नऊजण पाळीपाळीने झोपायचो. एकाची गोधडी गार होत नसे तोवर दुसरा येऊन पडायचा. सुमनशी लग्न झालं, मुलगी झाली आणि मग घर हवं झालं.

डिंडोलीच्या कडेला तेव्हा शेतं होती आणि त्या शेतांत प्लॉट पडत होते. दलालाने मला दोन प्लॉट दाखवले. एक रस्त्यालगतचा, मुरमाचा भराव टाकलेला. दुसरा आतला, तुरीचं शेत मोडून काढलेला. थंडीचे दिवस होते. त्या आतल्या प्लॉटवर मी वाकलो, एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. तीच माती. तोच काळा रंग, तोच वास, तेच चुनखडीचे खडे. सहा वर्षांत सुरतेत ओळखीचं काही भेटलं नव्हतं, ते असं हातात आलं. माझे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही. दलाल म्हणाला, भाई, भराववाला सारो छे. भराववालाच चांगला, हे त्याचं मी ऐकलं नाही. ज्याला त्या मातीची काही माहिती नव्हती त्याने तो भराववाला प्लॉट घेतला, आणि गायरानात वाढलेल्या शहाण्याने काळीत चूल मांडली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दुसऱ्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला आणि तिरका वर गेला. पावसाळ्यात दार चौकटीत रुतून बसायचं, उन्हाळ्यात त्याच दारातून मांजर आत यायचं. मी सिमेंट भरायचो, तडा शेजारून निघायचा. मिस्त्री म्हणाला, पाया उथळ पडला. मला मिस्त्रीची गरज नव्हती, मला कळत होतं.

त्याच वर्षी माय गेली. आबा एकटे पडले, मी त्यांना घेऊन आलो. ते दारात थांबले. अंगणातली माती त्यांनी पायाच्या अंगठ्याने उकरली, भिंतीकडे पाहिलं आणि खाट बाहेर टाकायला सांगितली. जेवायला आत यायचे, झोपायला बाहेर. मुलगी आजोबांबद्दल सुमनला विचारायची, "दादा बहार केम सुए छे?" तिला काय सांगणार? पाचव्या दिवशी मीच विचारलं. आबा शांतपणे म्हणाले, "हाई काळी शे. काळी हालस. तिन्हावर बैल बांधतस, मानूस नही ऱ्हास."

मला राग आवरला नाही. मी म्हणालो, "तुमच्या पांढरीनं मला काय दिलं? पोटाला भाकर दिली असती तर इथं कशाला आलो असतो?" दुसऱ्या दिवशी आबा भुसावळच्या पॅसेंजरमध्ये बसून गेले. त्यांना तसं बोललो याची आजही लाज वाटते.

पण पुढच्या वर्षी, मार्च संपता संपता, ते न कळवता आले. पिशवीत धोतरजोडा आणि दांडा काढलेली कुदळ. गावात गुरांच्या पाण्याचा हाळ भर काळीत आहे, पण त्याच्या दगडांत कधी फट पडली नाही. का, तर पाणी सांडून भोवतालची माती बारमाही ओली राहते आणि जी आकसत नाही ती फाटत नाही. आबांनी चार दिवस खपून घराभोवती वीतभर चारी खणली आणि मोरीचं पाणी तिच्यात काढून दिलं. सुमनला पावसाळ्यापर्यंतचं काम बजावलं, "दिवसमा दोन येळ भरनी. पाऊस येवालोंग." आणि परत गेले. या खेपेलाही खाट बाहेरच होती.

त्या वर्षी तडा वाढला नाही. त्यानंतरही नाही.

आता दर उन्हाळ्याला हेच काम. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुमन मुलीला घेऊन माहेरी जाते, सगळ्या लेकी जातात तशी. डिंडोलीतला अर्धा खानदेश त्या आठवड्यात गावी असतो. मिलमध्ये रजा मागितली तर मिळेलही. पण घरात माणसं नसली की मोरीला पाणी नसतं, आणि वैशाखात आठ दिवस चारी कोरडी राहिली तर भिंत जाईल. मग मी हॅंडपंपावरून बादल्या आणतो. शेजारचे काका हसतात, "भाई, झाड तो छे नहि, पाणी कोने पीवडावो छो?" मीही हसतो. आणि तिकडे आबा आखाजीची पुरणपोळी शेजाऱ्यांकडे खातात. त्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल की जे एकटं सोडून गावी जाता येत नाही ते. आबांनी माझं घर उभं ठेवलं आणि त्याच चारीने मला इथं बांधून घातलं. खणताना हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल, असं मला वाटत नाही.

यंदा सुमन परतताना त्यांना भेटून आली. मी विचारलं, काही म्हणाले का? ती म्हणाली, "हो. म्हणे, त्याले सांगजो, पानीमा खंड नको पाडू."

मी बादली घेऊन बाहेर गेलो. 'ये' एवढं म्हणाले असते, तर मी भिंत पडू दिली असती.